चहा होईपर्यंत लटकणारे कुलूप

मित्रांनो, शेवट आधीच सांगून टाकतो. मी वाचलो. मला कोणी कापले नाही, माळ तुटली नाही, आणि जिचे सगळे पणाला लागले होते त्या मुलीचेही भले झाले.

आता हे मी सांगितलेच नाही असे समजा. कारण थोड्या वेळाने लोखंड कापायची करवत येणार आहे, आणि तेव्हा तुम्हाला माझी काळजी वाटली नाही तर मला वाईट वाटेल.

मी एक जुने कुलूप आहे. वजन अर्धा किलो. रंग पूर्वी काळा होता, आता कोणी विचारत नाही. माझा जन्म कुलपांच्या कारखान्यात झाला. तिथे दिवसाला दोनशे भावंडे जन्माला येत, त्यामुळे कोणाचे लाड वगैरे झाले नाहीत. एका माणसाने माझ्या पोटात चार पट्ट्या बसवल्या, दुसऱ्याने वाकडा दांडा बसवला, तिसऱ्याने किल्ली फिरवून पाहिली आणि "चालतंय" म्हटले. माझ्याबद्दल अधिकृतपणे काढलेला तो एकमेव गौरवोद्गार. अजून जपून ठेवला आहे.

माझी पहिली नेमणूक एका शाळेत, नकाशांच्या कपाटावर झाली. आठ वर्षांत एकही चोरी झाली नाही. नकाशे चोरायला कोणाला सवडच नव्हती हा भाग वेगळा, पण श्रेय मी घेतले. मग शिपायाने किल्ली हरवली. मुख्याध्यापकांना हे सांगण्यापेक्षा त्याने माझा दांडा टक्क होऊ न देता नुसता आत टेकवला आणि मला कोयंड्यात लटकावून ठेवले. दिसायला बंद, आतून उघडा. कोणी एकदा ओढून पाहिले असते तर माझे बिंग फुटले असते. कोणी ओढले नाही. भिंतीला ओल होती. त्या ओलीने माझ्या पोटात गंज भरला आणि मी आहे तसाच घट्ट बसलो.

मित्रांनो, कुलपाने हे सांगू नये, पण सांगतो. पुढची तीस वर्षे मी बंद नव्हतोच. नुसता अडकलेला होतो. हे गुपित मी जिवापाड सांभाळले. कुलपाला काहीतरी सांभाळावे लागते, आणि माझ्याकडे दुसरे काही नव्हते.

कपाट मोडीत निघाले तेव्हा मीही निघालो. भंगारवाल्याच्या तराजूत मी बसलो होतो, तेवढ्यात एक बाई आली. तिने मला उचलले, हातात दोनदा वरखाली केले आणि म्हणाली, "हे बरोबर आहे."

"किल्ली नाही हं त्याची," भंगारवाला म्हणाला.

"मला कुठे काय बंद करायचंय? मला टांगायचंय."

ही बाई म्हणजे मावशी. ती खऱ्या अर्थाने एकाच मुलीची मावशी आहे, पण सगळे तिला मावशीच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

मावशी हाताने माळा बनवते. काचेच्या मण्यांच्या, मातीच्या, लाकडाच्या, कधी कधी गिऱ्हाईक घेऊन येईल त्या वस्तूंच्या. वरच्या मजल्यावर एक खोली, एक लांब टेबल, एक खिडकी आणि खिडकीच्या चौकटीत एक खिळा, याला ती कारखाना म्हणते. मणी कसेही असोत, मावशीचा जीव माळेच्या मागच्या टोकाला, हुकात. पितळी तार वाकवून ती स्वतः हूक घडवायची. एका टोकाला हूक, दुसऱ्या टोकाला कडी. "मणी काय, कुणीही ओवेल," ती म्हणायची. "माळ गळ्यात ठेवतो तो हूक."

माझे काम सोपे होते. माळ पुरी झाली की हूक कडीत अडकवून ती खिळ्यावर टांगायची. मग तारेचा एक आकडा घ्यायचा, त्याचे एक टोक माळेत आणि दुसरे माझ्या दांड्यात घालायचे, आणि मला सोडून द्यायचे. मावशी चहा टाकायची. चहा उकळून, गाळून, पिऊन, कप विसळून होईपर्यंत मी लटकायचो. तेवढ्यात हूक सुटला नाही तर माळ पास. सुटला तर मी जमिनीवर. सुरुवातीच्या वर्षांत मी जमिनीवर बऱ्याचदा आलो. खालच्या मजल्यावरचे लोक त्यामुळे लवकर घर सोडून गेले.

पुढे हूक सुटायचे बंद झाले. मावशीने हुकाचे तोंड इतके आवळायला सुरुवात केली की कडी आत ढकलायलाच पक्कड लागायची. आणि तिने एक नियम केला. चाचणी झालेला हूक कारखान्यात पुन्हा उघडायचा नाही. उघडला की चाचणी रद्द. "लावायचं काम आपलं," ती म्हणायची, "उघडायचं काम गिऱ्हाइकाचं."

गिऱ्हाईक ते काम कसे करत असेल, हा प्रश्न कोणाला पडला नाही. एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन येत नसे. मावशी याला समाधान म्हणायची.

अशी वर्षे गेली. मग मावशीची बोटे आखडायला लागली. आधी बरणीचे झाकण उघडेना, मग टेबलाचा खण. एक दिवस तारेचा हूक अर्धवट वाकवून तिने पक्कड खाली ठेवली आणि बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे असे पाहत राहिली, जणू तो दुसऱ्याचा आहे आणि चुकून इकडे आला आहे.

तिची भाची चार वर्षांपासून तिच्याकडे गाठी मारत होती. सव्वीस वर्षांची, हात बारीक आणि चांगले, तोंड त्याहून चांगले. त्या दिवशी मावशीने तिला समोर बसवले.

"हे बघ. महिनाअखेर मी कारखाना बंद करणार होते."

"मावशी!"

"मध्ये बोलू नकोस. करणार होते म्हटलं. आता एक माळ तू एकटीने कर. पहिल्या गाठीपासून हुकापर्यंत. मी हात लावणार नाही, बघणारसुद्धा नाही. माझ्या पद्धतीने झाली पाहिजे आणि वेळेत गिऱ्हाइकाच्या हातात पडली पाहिजे. जमलं तर कारखाना तुझा. नाही जमलं तर तू आपली कुठे नोकरी बघ, मी आपली आरामखुर्ची बघते."

"आणि ह्या कुलपाचं काय?" भाचीने माझ्याकडे बोट दाखवून विचारले. अशा मुलीवर कोणाचा जीव जडणार नाही?

"ते जाईल आलं तिथे," मावशी म्हणाली.

म्हणजे भंगारात. तेव्हापासून मी भाचीच्या बाजूने.

गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी आले. मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिका, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. गळ्यापर्यंत बटणे लावलेला पांढरा गणवेश, हातात इंजेक्शनची रिकामी डबी. डबीत एकतीस बटणे होती.

"एकतीस वर्षं नोकरी झाली," सिस्टर म्हणाल्या. "दर वर्षी नवा गणवेश मिळायचा. जुना टाकताना एक बटण काढून ठेवत गेले. येत्या शुक्रवारी पाच वाजता निरोप समारंभ आहे. ह्याची माळ करून द्याल? मी चारला येईन न्यायला. त्यांनी शाल, नारळ काही आणू दे, मी आपली बटणं घालून बसणार."

एकतीस बटणे, एकही दुसऱ्यासारखे नाही. नवव्याला तडा गेलेला. भाचीने प्रत्येक बटणाच्या दोन्ही बाजूंना गाठ घातली. अशा गाठी मारायला चार दिवस लागतात आणि दोरा एकदा तुटला की चारही दिवस परत द्यावे लागतात. मावशी शब्दाला जागली. तिने पाठ फिरवून वर्तमानपत्र वाचले. चार दिवस तेच वर्तमानपत्र.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी मावशीला दिसली नाही, कारण ती पाठमोरी होती, आणि मला दिसली, कारण मी खिडकीत असतो. भाचीने हूक मावशीसारखा केला नाही. तिने तोंड आवळले खरे, पण तारेचे टोक शेवटी बाहेरच्या बाजूला वळवून त्याला बारीकशी चोच काढली. ओढले तर हूक सुटत नव्हता. पण चोचीवर अंगठा दाबला की तोंड अलगद उघडायचे आणि कडी बाहेर यायची. तिने तो हूक माझ्यासमोर तीस वेळा उघडला आणि तीस वेळा लावला. मग माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवले. मी कुलूप आहे. मला गप्प बसायला सांगणारी ती पहिलीच.

शुक्रवारी दुपारी मामा आला.

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. निवृत्त झाल्यापासून तो घरोघर फिरून वस्तू दुरुस्त करतो. कोणी बोलावत नाही. त्याच्या खिशात शिलाई यंत्राच्या तेलाची चोच असलेली लहान बाटली असते आणि मनात दया असते. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की कुणाचे तरी काहीतरी होते. मागे त्याने मावशीच्या भिंतीवरच्या घड्याळाला तेल घातले होते. ते घड्याळ आता सकाळी लवकर उठते आणि दुपारपर्यंत दमते.

त्याने मला खिडकीत पडलेले पाहिले.

"ताई, ह्या बिचाऱ्याला कधी तेल दिलंस का गं?"

"त्याला कशाला तेल? ते वजन आहे."

"वजन असलं म्हणून काय झालं? जीव आहे त्याला."

मित्रांनो, माझी बाजू इतक्या प्रेमाने कोणी घेतली नव्हती. म्हणून सावध व्हायला हवे होते. त्याने माझ्या पोटात अर्धी बाटली रिकामी केली आणि मला उन्हात ठेवले. तेल आत उतरत गेले. तीस वर्षांचा गंज विरघळत गेला. आणि पावणेतीनच्या सुमारास, सगळ्यांच्या देखत, टक्क असा आवाज होऊन माझा दांडा सुटला. माझी आयुष्यभराची इभ्रत खिडकीच्या फळीवर उघडी पडली.

"उघडलं!" मामा ओरडला. "किल्लीशिवाय! इतक्या वर्षांत कुणाला जमलं होतं का?"

"कुणी केलंच नव्हतं," मावशी म्हणाली.

तिकडे भाचीने माळ पुरी करून खिळ्यावर टांगली होती. हूक कडीत, कडी हुकात. ती चहाचे आधण ठेवायला वळली आणि तारेचा आकडा शोधायला लागली. तो मामाने कान कोरायला घेतला होता.

"अगं, आता आकडा कशाला हवा?" मामा म्हणाला. "सरळ माळेतच घालू की ह्याला."

आणि त्याने घातले. माझा दांडा माळेतून, चौदाव्या आणि पंधराव्या बटणाच्या मधून गेला. मग व्यवस्थित बसावा म्हणून त्याने तो खालून दाबला.

टक्क.

हा आवाज वेगळा होता. मला लगेच कळले. शाळेतली किल्ली हरवल्यानंतर प्रथमच मी खरोखर बंद झालो होतो.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "किल्ली?"

"किल्ली कशाला? उघडं आहे की."

"होतं."

मामाने ओढून पाहिले. मग जरा जोरात ओढून पाहिले. मग माझ्या किल्लीच्या भोकात डोकावून पाहिले, जणू आत कोणी असेल तर विनंती करावी.

पुढचा अर्धा तास मी तपशिलात सांगत नाही. केसांची पिन घातली, ती आत मोडली. साबण लावला, त्याने मला चांगला वास आला. हातोडीचा विचार झाला, पण नवव्या बटणाला तडा होता. मामा धावत किल्लीवाल्याकडे गेला आणि तसाच परत आला.

"पाटी लावून गेलाय. 'आत्ता येतो.'"

"मग थांबायचंस की."

"पाटीवर कोळ्याचं जाळं आहे, ताई."

सव्वातीन झाले. मावशी उभी राहिली. तिने माळेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि भाचीकडे पाहायचे टाळले.

"दोरा कापायचा. कुलूप काढायचं. सिस्टरना सांगायचं की माळ चार दिवसांनी मिळेल."

"त्यांचा समारंभ आज आहे, मावशी. चार दिवसांनी ती माळ घालून काय करतील? दळण आणतील?"

"मग वेळेत होत नाही, असं म्हणायचं."

त्या वाक्याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. आधण उकळून उकळून आटले.

"दोरा कशाला? कुलूप कापू," मामा म्हणाला आणि खालून करवत घेऊन आला. लोखंड कापायची, बारीक दातांची. मी सांगितले होते ना, येणार म्हणून.

एका हाताने त्याने मला धरले आणि दुसऱ्याने करवत दांड्यावर ठेवली. पहिला घास घेतला. मी हललो, माझ्याबरोबर माळ हलली, आणि चौदाव्या बटणाजवळची गाठ माझ्या दांड्यावर घासली. दोऱ्याचा एक बारीक तंतू उभा राहिला. दुसरा घास. दुसरा तंतू.

भाची तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले, म्हणजे माझे भोक तिच्या दिशेला होते. तिला माहीत होते आणि मला माहीत होते. हूक उघडला की माळेचे टोक मोकळे. मग बटणे माझ्या दांड्यातून एकेक करून आरामात निघतात. दोन मिनिटांचे काम. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मावशी आणि मामाला सुचत नव्हते, कारण ह्या घरात हूक उघडतो हेच वीस वर्षांत कोणाला ठाऊक नव्हते. भाचीला सुचले होते. पण हूक उघडून दाखवायचा म्हणजे चोच दाखवायची. तो मावशीच्या पद्धतीचा नाही हे दाखवायचे. माळ वाचली असती आणि ती नापास झाली असती.

मामाने तिसऱ्या घासासाठी करवत मागे घेतली.

"थांब, मामा."

"अगं, आत्ता कुठे दात बसलेत."

"थांब म्हणते ना! मावशी, हूक उघडून माळ काढता येईल."

मावशीने तिच्याकडे असे पाहिले, जणू ती छप्पर काढून घर झाडू या म्हणाली.

"हूक उघडून?"

"हो."

"आपला हूक?"

"उघडतो तो?" मामाने विचारले. अगदी मनापासून. त्याच्या बायकोच्या गळ्यातही मावशीचीच माळ आहे.

"माझा उघडतो," भाची म्हणाली. "मी तुझ्यासारखा नाही केला. टोकाला चोच काढलीय. चार दिवस तुला सांगायचं म्हणत होते, धीर झाला नाही. बघ."

तिने एका हाताने माळेची दोन्ही अंगे धरली, दुसऱ्या हाताचा अंगठा चोचीवर ठेवला आणि दाबला. कडी बाहेर आली. पंधरा, सोळा, सतरा, बटणे एकामागून एक माझ्या दांड्यातून सरकली, एकतिसावे निघाले, आणि मी मोकळा होऊन थेट मामाच्या पायाच्या अंगठ्यावर उतरलो. हे मी मुद्दाम केले असे कोणी म्हणू नये. केले असते तरी पुरावा नाही.

मामा एका पायावर नाचत होता. मावशी हललीसुद्धा नाही.

"इतका सहज उघडतो," ती म्हणाली, "म्हणजे सैल आहे."

भाचीने मान खाली घातली. तेवढ्यात जिन्यात पावले वाजली. चारला दहा कमी. सिस्टर आल्या होत्या.

त्यांनी खोलीकडे एक नजर टाकली. एक माणूस पाय धरून बसलेला, एक मुलगी डोळे पुसतेय, टेबलावर करवत, जमिनीवर साबण लावलेले कुलूप. "कुणाला टाके घालायचेत का?" त्यांनी विचारले.

"नाही, नाही," मावशी म्हणाली. "तुमची माळ तयार आहे. पण हूक जरा सैल झालाय. सहज निघतोय. मी देणार नाही अशी."

सिस्टर एकदम पुढे आल्या. "निघतो? म्हणजे ही माळ काढता येते?"

"हो, दुर्दैवाने."

सिस्टरनी गणवेशाची वरची तीन बटणे सोडली. कॉलरच्या आत एक माळ होती. निळे मणी, पितळी हूक. मावशीने आपले काम लगेच ओळखले आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई! माझी माळ! अजून घालता?"

"बारा वर्षं," सिस्टर म्हणाल्या. "घालत नाही हो. काढता येत नाही. डोक्यातूनही निघत नाही. मी हिच्यासकट आंघोळ करते, हिच्यासकट झोपते. छातीचा फोटो काढला की मणके कमी आणि मणी जास्त. दोन डॉक्टरांनी प्रयत्न केला. एक तर परदेशात शिकून आलेले."

"मग इतकी वर्षं आला का नाहीत?"

"आले होते की! तुम्ही माझ्या मानेमागे हात घालून म्हणालात, बघा, किती पक्का बसलाय. आणि मला चहा दिलात. मग मी चहा पिऊन गेले."

मामाने पाय चोळणे थांबवले.

"तोडायची का नाहीत?" मावशीने अगदी हळू विचारले.

"छे! छान आहे की. तोडवत नाही. फक्त एकदा मान मोकळी करून बघायची होती."

मावशी सिस्टरच्या मागे गेली. तिने स्वतःचाच हूक दोन्ही हातांनी धरला. अंगठा घसरला. पुन्हा धरला. पुन्हा घसरला. मग तिने मागे न बघता हात पसरला आणि म्हणाली, "ये गं इकडे." भाचीने दोन पकडी आणल्या, एकीने हूक धरला, दुसरीने तोंड फाकवले, आणि बारा वर्षांनी ती कडी बाहेर आली.

सिस्टरनी मान डावीकडे वळवली. उजवीकडे वळवली. मग डोळे मिटून मागे टाकली आणि तोंडाने असा आवाज काढला, जसा दिवसभराच्या कामानंतर पायातले बूट काढल्यावर निघतो. "हुश्श. हायसं वाटलं हो."

मावशी टेबलाकडे आली. तिथे बटणांची माळ पडली होती. तिने ती उचलली, हूक कडीत अडकवला, आणि आपला आखडलेला अंगठा चोचीवर ठेवून दाबला.

उघडला.

तिने पुन्हा लावला. पुन्हा उघडला. ज्या अंगठ्याचे बरणीचे झाकण ऐकत नव्हते, खण ऐकत नव्हता, त्या अंगठ्याचे हा हूक ऐकत होता. तिने तो चौथ्यांदा उघडला तेव्हा मामाही बघायला लंगडत जवळ आला.

"चोच थोडी आणखी बारीक कर," मावशी म्हणाली. "केस अडकतील."

"ह्या माळेची?"

"ह्या नाही. ही बरी आहे. पुढच्या माळांची. इथून पुढे तुझ्याच पद्धतीने कर सगळ्या."

भाचीला कळायला एक क्षण लागला. मला आधी कळले, पण मी गप्प बसलो. मग तिने मावशीला इतक्या जोरात मिठी मारली की मावशी म्हणाली, "सैल कर गं जरा." हे वाक्य मावशीच्या तोंडून मी इतक्या वर्षांत प्रथम ऐकले.

"आता पुन्हा टांगा," मावशी पदर सावरत म्हणाली. "हूक उघडला की चाचणी रद्द. नियम म्हणजे नियम."

"पाचला समारंभ आहे माझा," सिस्टर म्हणाल्या.

"चहा घ्याल ना? मग तेवढ्यात होतंय."

मामाकडून आकडा काढून घेतला, धुतला, आणि मी पुन्हा लटकलो. साबणाचा वास, दांड्यावर करवतीच्या दोन चिरा, पोटात मोडकी पिन. चहा उकळला, गाळला, चौघांनी प्यायला, कप विसळले. हूक तसूभरही हलला नाही. मी आयुष्यात कधी इतक्या आनंदाने लटकलो नव्हतो. उभे राहिलेले ते दोन तंतू भाचीने गाठीत चिकटवले. सिस्टरनी माळ गळ्यात घातली, कोणाचीही मदत न घेता, एका हाताने. मग काढली. मग परत घातली. मग उगाच आणखी एकदा काढली. चार वाजून वीस मिनिटांनी त्या गेल्या, निळी माळ पर्समध्ये आणि मान ताठ.

त्यानंतर महिनाभर जुनी गिऱ्हाइके येत राहिली. आत येऊन नुसती मान पुढे करायची. समाधानी म्हणून ज्यांची गणना झाली होती ती सगळी. पहिली मामी आली. भाचीने एकेकीचा जुना हूक काढून नवा चोचीचा बसवला. आता कारखान्यात दोन चाचण्या होतात. एक माझी, पूर्वीसारखीच, चहा होईपर्यंत. दुसरी मावशीची. ती खिडकीपाशी आरामखुर्चीत बसते, माळ हातात घेते आणि तिच्या अंगठ्याला हूक उघडला तरच माळ पास. गेल्या आठवड्यात तिने तीन नापास केल्या. फार कडक आहे.

आणि मी? मित्रांनो, आता मी खराखुरा बंद आहे. किल्ली नाही, उपाय नाही. पण तीस वर्षे बंद असल्याचे सोंग केल्यानंतर खरोखर बंद होण्यात जी मोकळीक आहे ती मी तुम्हाला सांगू शकत नाही. आता कोणी मला ओढून पाहिले तरी भीती वाटत नाही. उलट वाटते, ओढा की.

तुमच्या घरातही अशा पुष्कळ वस्तू असतील, ज्या निमूटपणे लटकत, दाबत, धरून ठेवत असतात. त्यांना जपा. त्या लागतात का, हे बघता तसे उघडतात का, हेही अधूनमधून बघत चला. आणि त्यांचे भले करण्याआधी क्षणभर थांबा. आज सकाळीच मामा येऊन गेला. माझ्या दांड्यावरच्या चिरांवरून त्याने मायेने बोट फिरवले आणि म्हणाला, "ह्याचं काहीतरी केलं पाहिजे." म्हणून तातडीने पुढील निवेदन सादर करत आहे.

प्रति,
समस्त मामा (निवृत्त व कार्यरत)

विषय : विनाविचारणा तेल घालण्यास मनाई होणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, कोणत्याही वस्तूस तेल घालण्यापूर्वी सदर वस्तूची लेखी पूर्वसंमती तीन प्रतींत घेण्यात यावी. वस्तूस लिहिता येत नसल्यास तिचे मौन हा नकार समजण्यात यावा. अशी संमती मिळेपर्यंत तेलाची बाटली आपल्या भगिनीकडे जमा करण्यात यावी, व दरम्यानच्या काळात दयेचे झटके आल्यास ते आपल्या स्वतःच्या घरी, स्वतःच्या बिजागऱ्यांवर भागविण्यात यावेत.

तरी वरील विनंती आजच्या दुपारच्या चहापूर्वी मंजूर व्हावी.

आपला विश्वासू,
कुलूप (खरोखर बंद)